‘सनातन’ म्हणजे नेमकं काय?

(बेंगळुरूत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या रविवारच्या वाचन-बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या बैठकीनंतर आपल्यातली एक मुलगी माझ्यासोबत मेट्रो स्टेशनपर्यंत चालत आली. तिला काहीतरी सांगायचं होतं. ऑफिसात दुपारी जेवताना टीममधल्या एका वरिष्ठाने तिला सहज विचारलं, "तू पण सनातनीच ना?" समोर डबे उघडलेले, सहा-सात जण बघतायत, पुढच्या आठवड्यात अप्रेझल. ती "हो" म्हणाली आणि विषय संपला. पण रात्री तिला जेवण गेलं नाही. मला म्हणाली, "ताई, मी खरं बोलले की खोटं, हेच मला कळत नाही. त्या शब्दाचा अर्थच मला नीट माहीत नाही."

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. तिचं नाव मी घेणार नाही. तशीही ती एकटी नाही. आपल्या घरात पहिल्यांदा पदवी घेतलेली आपली पिढी. आपल्याला नोकरीतलं काम येतं, पण जेवणाच्या टेबलावर असा एखादा मोठा शब्द आला की आपण गप्प बसतो. समोरच्याला तो शब्द घरातून मिळालेला असतो आणि आपल्याला वाटतं, तो त्याच्या मालकीचाच आहे. म्हणून आज आपण तो शब्द उघडून बघू. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. नोकरी सांभाळून पाली शिकले, त्या ओघात थोडं संस्कृत वाचलं, एवढंच.

आधी व्याकरण. ‘सनातन’ या शब्दाचे दोन तुकडे आहेत, ‘सना’ आणि ‘तन’. ‘सना’ हे संस्कृतातलं जुनं अव्यय. अर्थ ‘पूर्वीपासून’, ‘नेहमी’. ‘तन’ हा प्रत्यय. तन म्हणजे शरीर असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. काळ दाखवणाऱ्या अव्ययाला हा प्रत्यय लागला की ‘त्या काळचा’ असं विशेषण तयार होतं. पाणिनीने त्याचा नियमच दिला आहे. ‘पुरा’ म्हणजे पूर्वी, त्यावरून पुरातन. ‘चिरं’ म्हणजे दीर्घकाळ, त्यावरून चिरंतन. आणि ‘अद्य’ म्हणजे आज, त्यावरून अद्यतन. फोन मराठीत लावला की अपडेटच्या जागी कधीकधी हाच ‘अद्यतन’ शब्द दिसतो. म्हणजे ‘सनातन’ आणि ‘अपडेट’ हे व्याकरणाच्या दृष्टीने चुलतभाऊ आहेत. प्रत्यय एकच, फक्त पुढचा काळ वेगळा.

आता ‘सना’कडे बघा. त्याच्या मुळाशी ‘सन’ हा शब्द आहे, अर्थ ‘जुना’. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या. लॅटिनमध्ये याच मुळापासून म्हाताऱ्यासाठी ‘सेनेक्स’ हा शब्द आला. त्यावरून ‘सिनेट’, म्हणजे वडीलधाऱ्यांची सभा, आणि त्यावरूनच आपला रोजचा ‘सीनियर’. तुमच्या ओळखपत्रावर ‘सीनियर इंजिनिअर’ लिहिलेलं असेल तर सनातनातला ‘सन’ तुम्ही रोज गळ्यात घालून फिरता.

हे हसण्यावारी सांगितलं, पण त्यात मुद्दा आहे. हा शब्द विशेषण आहे. जुना, पूर्वीपासूनचा, नेहमीचा. विशेषण एकटं उभं राहत नाही. ‘जुना’ म्हटलं की आपण विचारतो, काय जुनं? वाडा, रोग की कर्ज? रोगही जुना असतो. जुनेपणावरून गोष्टीचं वय कळतं, तिची लायकी कळत नाही. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातल्या आठव्या सूक्तात हा शब्द येतो. तिथे त्याचा अर्थ काय दिसतो? ज्याला सनातन म्हणतात तो आजही पुन्हा नवा होतो, जसे दिवस आणि रात्र एकमेकांतून जन्म घेतात, अशा आशयाची ती ऋचा आहे. म्हणजे इतक्या जुन्या ग्रंथातही सनातनच्या शेजारी ‘पुनर्णव’ हा शब्द बसलेला आहे. टिकतं ते कशामुळे, तर रोज नवं होतं म्हणून. ‘बदलू नका’ असा हुकूम त्या ऋचेत नाही.

आता आपल्या घरात या. पालीत हाच शब्द ‘सनंतनो’ असा आहे. धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात, पाचव्या गाथेत तो येतो. गाथेचा आशय तुम्हाला माहीत आहे: वैराने वैर कधीच शमत नाही, अवैरानेच शमतं, आणि हा धम्म सनंतन आहे. हीच गाथा विनयपिटकात कौशांबीच्या भांडणाच्या प्रसंगीही येते. तिथल्या भिक्खूंमध्ये फूट पडली होती. अट्ठकथा सांगते की भांडणाचं निमित्त होतं शौचालयात भांड्यात उरलेलं पाणी. एवढ्याशा गोष्टीवरून संघ दुभंगला. भगवान समजावायला गेले तर भिक्खू म्हणाले, तुम्ही यात पडू नका. तेव्हा त्यांनी दीघावु कुमाराची गोष्ट सांगितली. ज्या राजाने त्याच्या आईबापांना मारलं, तो राजा एके दिवशी त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपला. दीघावुने तलवार उपसली आणि बापाचे शब्द आठवून पुन्हा म्यान केली. भिक्खूंनी तरीही ऐकलं नाही. भगवान तिथून निघून गेले.

इथे एक शंका येते आणि यायलाच हवी. जे बुद्ध म्हणतात सगळे संस्कार अनित्य आहेत, तेच एखाद्या गोष्टीला सनंतन कसं म्हणतात? हा विरोधाभास नाही. राज्य, घराणं, शरीर, संघातली फूट, सगळं अनित्य. पण वैराने वैर वाढतं हा कार्यकारणाचा नियम आहे. तो कौशांबीत खरा होता, बेंगळुरूत खरा आहे आणि ब्राह्मण-शूद्र बघून बदलत नाही. हवं तर तपासून बघा. म्हणजे बुद्धांनी हा शब्द लावला तो नियमाला, कुणाच्या जन्मसिद्ध जागेला नाही. सुत्तनिपाताच्या सुभासित सुत्तात वंगीस थेर हाच शब्द सत्यासाठी वापरतात. सत्य ही न मरणारी वाणी आहे, असा तिथला आशय.

आता दुसरीकडे बघू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला एकशे अडतिसावा श्लोक आपल्यापैकी अनेकांनी शाळेत सुभाषित म्हणून पाठ केला असेल. सत्य बोलावं, प्रिय बोलावं, पण अप्रिय सत्य बोलू नये, आणि प्रिय असलं तरी असत्य बोलू नये. आणि शेवटी तेच: हा सनातन धर्म आहे. धम्मपदाच्या गाथेचा शेवट आणि या श्लोकाचा शेवट शब्दाला शब्द जुळतो, फक्त एक पालीत आहे आणि दुसरा संस्कृतात.

वरवर हा सभ्यतेचा सल्ला आहे. पण थांबून विचारा, अप्रिय म्हणजे कुणाला अप्रिय? विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे सत्य कुणाला अप्रिय आहे? मजुरी कमी दिली, हे कुणाला ऐकवत नाही? ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला जे ऐकायला आवडत नाही ते अप्रिय ठरतं, आणि मग आपलं सगळं आयुष्यच अप्रिय सत्य होतं. एका परंपरेत सत्य बोलणं सनातन, दुसऱ्या परंपरेत अप्रिय सत्य गिळणं सनातन. विशेषण तेच. म्हणून प्रश्न शब्दाचा नाही, तो कशाला चिकटवला आहे याचा आहे.

दुसरी गंमत बघा. जे खरोखर कायमचं आहे त्याला मोडण्याची भीती नसते. सूर्य उगवावा म्हणून कुणी कायदा करत नाही. पण भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन काय म्हणतो? कुळाचा क्षय झाला की सनातन कुलधर्म नष्ट होतात, मग स्त्रिया बिघडतात, मग वर्णसंकर होतो, आणि शेवटी शाश्वत जातिधर्मही उखडले जातात. एका दमात ‘शाश्वत’ आणि ‘उखडले जातात’! मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आधी नियोगाला परवानगी आहे, म्हणजे मूल नसलेल्या बाईने ठरवून दिलेल्या पुरुषापासून अपत्य घेणं. त्यानंतर लगेच सांगितलंय की विधवेला असं नेमलं तर सनातन धर्माची हत्या होते. एकाच पुस्तकात, काही श्लोकांच्या अंतरावर. जे सनातन आहे ते एका बाईने केलेल्या निवडीने मरत असेल, तर ते सनातन नव्हे. तो पहारा आहे, आणि पहारा नेहमी बाईच्या दारावर असतो.

आपण ज्या राज्यात राहतो तिथेच याचा मोठा दाखला आहे. बसवकल्याण बेंगळुरूहून लांब, बिदर जिल्ह्यात. आपल्यातल्या उमरगा-निलंग्याकडच्यांना मात्र ते घरापासून जवळ. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांच्या शरणांनी जात मोडली. परंपरा सांगते की ब्राह्मण कुळातल्या मधुवरसांची मुलगी आणि चांभार हरळय्यांचा मुलगा यांचं लग्न झालं, आणि त्यापायी दोघांच्या बापांना देहदंड झाला. एका लग्नाने अख्खं कल्याण पेटलं. याच बसवण्णांचं स्थावर आणि जंगम यांवरचं वचन कर्नाटकात सगळ्यांना माहीत आहे. आपण हे शब्द फक्त मालमत्तेच्या कागदात वाचतो. बसवण्णांच्या मते जे एका जागी रोवलेलं, बांधलेलं आहे त्याला नाश आहे आणि जे चालतं त्याला नाही. अथर्ववेदाच्या ऋचेत ‘पुनर्णव’ होतं, इथे ‘जंगम’ आहे. टिकण्याचा अर्थ दोन्हीकडे चालत राहणं.

मग ‘सनातन’ हे एका धर्माचं नाव कधी झालं? जुन्या ग्रंथांत ‘सनातन धर्म’ ही जोडी आहे, पण तिथे ती बहुधा ‘हा पूर्वापार चालत आलेला नियम’ अशा अर्थाने येते. आज ज्या अर्थाने ऐकतो, म्हणजे एका समाजाची ओळख, एक झेंडा, तो अर्थ एकोणिसाव्या शतकात रुजला. १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापन झाला. मूर्तिपूजेवर, जन्मावरून ठरणाऱ्या जातीवर टीका सुरू झाली. त्याला उत्तर म्हणून उत्तर भारतात सनातन धर्म सभा उभ्या राहिल्या. १८८७ साली पंडित दीनदयाळू शर्मा यांच्या पुढाकाराने भारत धर्म महामंडळ निघालं. आपल्याकडे ‘सनातनी’ हा ‘सुधारक’च्या विरुद्ध अर्थाचा शब्द झाला. म्हणजे कुणीतरी सुधारणा मागितली तेव्हा हे नाव गरजेचं झालं.

आणि सनातनी कोण, हे तरी कोण ठरवणार? गांधीजींनी १९२१ साली स्वतःला सनातनी हिंदू म्हणवलं. १९३३-३४ मध्ये ते अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर निघाले तेव्हा काळे झेंडे घेऊन आडवे आले तेही सनातनीच.

आता माझ्या घरचं सांगते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आजीला ‘सनातन’ हा शब्द माहीत नव्हता. तिचा शब्द होता ‘पयल्यापासनं’. मेलेलं जनावर आपणच का ओढायचं? पयल्यापासनं हाय. सणाच्या दुसऱ्या दिवशी भाकरी मागायला का जायचं? पयल्यापासनं हाय. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ठरवलं, आता ओढणार नाही. गावाने दोन महिने दळण बंद केलं. आजी पाट्यावर ज्वारी भरडून कण्या शिजवायची. आजोबा मागे हटले नाहीत. पुढे १९५८च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. जे ‘पयल्यापासनं’ होतं ते माझ्या आईने कधी केलंच नाही, आणि मला ते फक्त ऐकून माहीत आहे. सनातनाचं आयुष्य आमच्या घरात एका माणसाच्या नकाराएवढं निघालं.

हाच ‘पयल्यापासनं’ एकदा कोर्टात तपासला गेला. चवदार तळं तुम्हाला माहीतच आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह तिथलं पाणी घेतलं. मग सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं आणि दिवाणी दावा लावला. दाव्याचा मुख्य आधार काय? अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, म्हणून डिसेंबरच्या परिषदेत पाणी घेता आलं नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन मात्र झालं, आणि तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, शेवटी मुंबई हायकोर्ट. आता बघा, ‘अनादी’ हा शब्द देवळात चालतो, पण कोर्टात पुरावा लागतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्याने तर ‘स्मरणापलीकडचा काळ’ म्हणजे ११८९ सालाच्या आधीचा, अशी तारीखच ठरवून टाकली होती. महाडच्या दाव्यात १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला: वादींना अशी अनादी वहिवाट सिद्ध करता आलेली नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्याआधी अशी बंदी घालण्याचा प्रयत्न झाला असेल का, याचीच त्यांना शंका वाटली. अनादी म्हणून सांगितलेली गोष्ट घरांच्या भिंतींएवढी जुनी असेल-नसेल!

त्या निकालाच्या वर्षभर आधी, १९३६ साली, बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं भाषण स्वतः छापलं होतं, कारण मंडळाने सभाच रद्द केली. ‘जातिसंस्थेचं उच्चाटन’ म्हणून आपण ते वाचतो. त्याच्या अखेरीस ते हिंदूंना विचारतात, काहीच स्थिर नाही, काहीच सनातन नाही, बदल हाच जीवनाचा नियम आहे, हे मान्य करण्याची वेळ आली नाही का? कौशांबीपासून महाडपर्यंत जे बघितलं त्याचं सार त्या प्रश्नात आहे.

जोतीरावांनी तर निराळीच वाट काढली. १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नाव बघा: सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक. धर्माला विशेषण लावायचं होतं तर त्यांनी ‘सनातन’ घेतलं नाही, ‘सार्वजनिक’ घेतलं. किती जुना, हे विचारायचं सोडून त्यांनी विचारलं, किती जणांचा? स्त्रीचा आहे का, शूद्राचा आहे का, अतिशूद्राचा आहे का? मला हे एक विशेषण आपल्या सगळ्यात मोठ्या वारशांपैकी एक वाटतं.

आता परत जेवणाच्या टेबलावर येऊ. त्या मुलीने "हो" म्हटलं, त्यात तिचा दोष आहे असं मला वाटत नाही. ज्याच्या हातात आपलं अप्रेझल आहे त्याच्यापुढे अप्रिय सत्य बोलू नये, हा नियम तिला ऑफिसात कुणी शिकवावा लागला नाही. तो जुना आहे. तिच्या पगारावर गावाकडचं घर चालतं, भावाची फी जाते. नोकरी धोक्यात घाल, असं मी कुणालाही सांगणार नाही. आजोबांनी नकार दिला तेव्हा आजीला कण्या खाव्या लागल्या, हे मी विसरलेले नाही.

पण पुढच्या वेळी तिच्याकडे "हो" आणि "नाही" याशिवाय तिसरं काहीतरी असावं. तिने शांतपणे, हसून विचारावं, "सनातन म्हणजे नेमकी कोणती गोष्ट म्हणताय?" बस, एवढंच. समोरचा म्हणाला, सत्य, करुणा, कुणाशी वैर न धरणं, तर म्हणावं, हो, ते मीही मानते, धम्मपदात तेच आहे. तो म्हणाला, आमच्या चालीरीती, आमच्या घरातली लग्नं, आमचं सोवळं, तर विचारावं, कधीपासून? पुरावा काय? आणि ते किती जणांचं?

कोणती गोष्ट, कधीपासून, किती जणांची. हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, पण आपल्या आजीला ते विचारता आले नाहीत. आपल्याला विचारता येतात. हेच आपल्या शिकण्याचं मोल.

गेल्या बुधवारी त्या मुलीचा मेसेज आला. अप्रेझल झालं, बरं झालं. खाली लिहिलं होतं, "ताई, विचारलं नाही अजून. पण आता विचारता येईल असं वाटतंय." मी म्हटलं, घाई नाही.

जय भीम.